पावलापुरते रेशीम

मार्गशीर्षातले ऊन. कोवळे, केशरी, केळीच्या नव्या पानासारखे हलके. समुद्रावरून ते येते, गिरगावच्या कौलांवर क्षणभर टेकते, नारळाच्या झावळ्यांतून स्वतःला चाळून घेते, आणि लालबागच्या उंच धुराड्यांना हळदीचे बोट लावून पुढे सरकते.

धुराडी आता धूर सोडत नाहीत. त्यांच्या पायाशी एक गिरणी निजली आहे, कैक वर्षांची निजलेली. करवतीच्या दात्यांसारखे तिचे छप्पर, आणि दात्यादात्याला एक उभी काच. त्या काचांतून ऊन तिरके उतरते. जणू आभाळाने दुकानदाराच्या हौसेने उजेडाचे ठाण उलगडावे, फरशीवर पसरावे आणि म्हणावे, बघा, पसंत पडतंय का?

याच उजेडात, येत्या शनिवारी, सूर्य मावळायच्या आत, शर्मिष्ठा मॅडमच्या पोशाखांचा सोहळा होणार होता. पुढे लांबलचक रॅम्प, रॅम्पच्या दोहो अंगांना खुर्च्या, फुले, पाहुणे. मागे एक भलामोठा काळा पडदा. आणि त्या पडद्यामागे, इस्त्रीच्या वाफेत, टाचण्यांच्या डब्यांत, रंगांच्या रानात हरवलेली वेणू.

वेणू गुरव. सह्याद्रीच्या कुशीतल्या तळसुऱ्याची. नवलाईच्या देवळातल्या गुरवाची लेक.

बाबांचे हात थरथरू लागले, तेव्हापासून नवलाईला लुगडे नेसवावे ते वेणूनेच. पहाट ओली असायची, गाभारा गार असायचा, समईची ज्योत एवढीशी. त्या एवढ्याशा ज्योतीत ती अशा निऱ्या घाली, अशा निऱ्या घाली, की देवीच्या पायांशी मोराने पिसारा उघडून बसावे. गाव म्हणे, पोरीच्या बोटांत देवीच येऊन नेसते.

मागल्या आश्विनात कोकणातून परतताना शर्मिष्ठा मॅडम त्या देवळात टेकल्या, आणि देवीपुढे हात जोडायचेच विसरल्या.

"हे नेसवलं कुणी?" त्यांनी विचारले. साऱ्या गावाने वेणूकडे बोट दाखवले. ते बोट जे लांबले, ते थेट मुंबईला येऊन थांबले.

*

पडद्यामागचे जग म्हणजे उलट्या बाजूने पाहिलेला भरजरी शेला. पुढून सोने झळकते, मागून गाठी दिसतात, धागे दिसतात, आणि त्या गाठीधाग्यांतच कारागिराचा जीव असतो.

त्या जगाची राणी मार्थाबाय. वसईच्या. केस पिकलेले, जीभ हिरवी. गळ्यात चांदीचा क्रूस, आणि क्रूसाच्या शेजारी नाडीला बांधलेली वीतभर कात्री. कापड बेतायचे ते मार्थाबायनीच आणि कापायचे तेही त्यांनीच. मॅडमसुद्धा त्यांच्यापुढे हळू बोलायच्या.

वेणूच्या वाट्याला आला होता सगळ्यांत शेवटचा पोशाख. मोरपंखी रेशमाचे नऊवार लुगडे. डाळिंबी काठ, पदरावर सोनसळी वेल. मागावरून उतरल्यापासून त्याला सुई शिवली नव्हती, कात्री भेटली नव्हती. नदी जशी उगमापासून निघते तसे ते सलग होते, सबंध होते.

"अखंड वस्त्र," मॅडम म्हणायच्या. "तुमचे शिवलेले सगळे पुढे जाऊ देत. हे शेवटी जाईल, आणि अखंडच जाईल."

ते नेसायचे होते श्रावस्ती मेश्रामने. नागपूरची ती. उंच, सावळी, काठावरच्या अर्जुनवृक्षासारखी सरळ. दिसायला शांत सरोवर, बोलायला वऱ्हाडी ठेचा.

बुधवारी पहिल्यांदा वेणूने तिला नेसवायला घेतले.

"हलू नका हं, श्रावस्तीताई."

"नाई हालत, बाई. पण श्वास घेऊ नं?"

वेणू हसली नाही. ऐकूच आले नव्हते तिला. रेशीम हातात आले की शहर मिटायचे आणि गाभारा उघडायचा. ती गुडघ्यांवर बसली. निरीवर निरी, निरीवर निरी. आतून एक दोरी, दोरीला एक गाठ. मोरपंखी लाट डाळिंबी किनाऱ्यावर येऊन थबकावी तशी एकेक घडी श्रावस्तीच्या पायांशी थबकत गेली. घटका गेली. इस्त्र्या थांबल्या. कुजबुज थांबली. ज्या कुणाचे लक्ष गेले, ते तिथेच राहिले.

पिसारा उघडला.

मार्थाबायचा हात कपाळाकडे गेला, छातीकडे गेला, खांद्यांकडे गेला. कुणीतरी हळूच म्हणाले, "आई गं."

वेणूने सवयीने आरसा उचलला, श्रावस्तीला दाखवला. सवयीने हात जोडले. आणि सवयीनेच, देवीकडे पाठ करायची नाही म्हणून, ती एकेक पाऊल मागे सरकू लागली. सरकत सरकत जी गेली ती थेट कपड्यांच्या दांडीवर. दांडी आडवी झाली. झगे, कुडते, शेले, ओढण्या, सगळ्या रंगांचा एक धबधबा वेणूच्या डोक्यावर कोसळला.

"घ्या!" मार्थाबाय म्हणाल्या. "भक्तीण बुडाली. काढा गो तिला वर!"

हसण्याची लाट उठली. त्या लाटेतच मॅडम म्हणाल्या, "सुंदर. अगदी तेच, देवळात पाहिलं होतं तेच. श्रावस्ती, आता चाल."

श्रावस्तीने पाऊल उचलले.

उचलले म्हणजे, उचलायला गेली. पाऊल आलेच नाही. तिने दुसरे उचलून पाहिले. तेही आले नाही. निऱ्यांच्या त्या राजस पिसाऱ्याखाली तिचे दोन्ही पाय, मुळांनी धरून ठेवावे तसे, जागच्या जागी धरलेले.

"पाय कुठी गेले वं माहे?" ती खाली वाकून शोधू लागली. "आत्ता तं होते!"

मग तिने एक छोटीशी उडी मारली. दोरी करकचली.

"अश्या चिमणीवानी उड्या मारत जाऊ काय, मॅडम? मी जाईन. मले लाज नाई."

पुन्हा हशा. त्या हशात श्रावस्ती कशीबशी वळली, आणि हशा ओसरला. पाठमोरे लुगडे म्हणजे नुसता गोळा होता. सुरकुत्या, गाठी, कोंबलेले काठ, लोंबती दोरी. पुढून देवी, मागून बोचके.

वेणू बघत राहिली. तिचे कान तापले.

नवलाई भिंतीला टेकून उभी. युगानुयुगे उभी. तिला पाठ होतीच कुठे? तिला जायचे तरी कुठे होते? वेणूने जन्मात कधी पाठ नेसवली नव्हती. वेणूने जन्मात कधी पाऊल नेसवले नव्हते.

मॅडम रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या हळू आवाजात बोलल्या. "वेणू, ही इथे उभी राहायला आलेली नाही गं. हिला चालायचंय. शनिवारी दुपारपर्यंत हे लुगडं चाललं पाहिजे. नाही चाललं, तर मार्था कापेल आणि आपण शिवून घेऊ. घागरा होईल, बरा होईल. पण मग तुला तरी कशाला अडकवून ठेवू इथे? घरी जा, देवीजवळ राहा."

कापेल.

एक शब्द, पण पहाटेच्या गाभाऱ्यात घंटेचा लोलक निखळून पडावा तसा पडला. देवीचे उतरलेले लुगडेसुद्धा तळसुऱ्यात कुणी कापत नसे. लेकीबाळींच्या ओटीत ते सबंधच पडे. आणि हे तर कोरे रेशीम, कुणाच्याही अंगाला न लागलेले. त्याच्यावर कात्री चालायची, ती वेणूच्या बोटांना ते रेशीम चालवता आले नाही म्हणून.

सगळे पांगल्यावर मार्थाबाय तिच्याजवळ आल्या. ढिगातली एक ओढणी तिच्या कानावर अजून अडकली होती, ती काढली.

"रडू नको गो. रेशमावर डाग पडतो."

"नाही रडत."

"उद्या कामाला येऊ नको. महिना झाला तुला येऊन. वसतिगृहातून गिरणीत, गिरणीतून वसतिगृहात. मुंबई बघितलीस कुठं तू?"

"काय बघू, मार्थाबाय?"

"पाय बघ," त्या म्हणाल्या. "दुसरं काय बघायचंय तुला? लाखो पाय हायत हितं. फुकट."

*

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला गुरुवार, लक्ष्मीचा वार, फुलांचा वार, उंबऱ्याउंबऱ्यावर रांगोळीचा वार.

अंधार पुरता विरलाही नव्हता तेव्हा वेणू कुलाब्याच्या धक्क्यावर पोचली. समुद्र अजून झोपेत कूस बदलत होता. होड्या हिंदकळत होत्या, बर्फ चमकत होता, आणि ओल्या फरशीवरून कोळिणी चालत होत्या. चालत? छे, वाहत होत्या. डोक्यावर रुपेरी मासळीची पाटी, गुडघ्यापर्यंत आवळलेले पोपटी, जांभळे, लालभडक लुगडे, आणि त्याखाली पोटऱ्या अशा, की जणू दोन वल्ही धरणीच्या पाण्यात पडावीत आणि उठावीत. पाऊल, पाऊल, पाऊल. निसरडी फरशी त्यांच्या पायांना घाबरून सरळ होत होती.

"ए बाय, वाट सोड! का मासळी डोक्यावर घेतेस?"

वेणू बाजूला झाली, आणि बाजूला होऊन पुन्हा त्यांच्या पायांकडेच बघत राहिली.

मग ती दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढल्या काचेशी जाऊन बसली. खाली शहर उलगडत होते. कचेरीला निघालेल्या मुली, टाचांची टकटक. शाळेला निघालेली मुले, त्यांची पावले जमिनीला जेमतेम टेकणारी. हातगाडीवाला, ज्याची टाच उचलायची तेव्हा सारे अंगच एक धनुष्य व्हायचे. पांढऱ्या साडीतल्या दोन परिचारिका, हंसांच्या जोडीसारख्या बरोबरीने पाऊल टाकणाऱ्या. एक म्हातारे पारशी गृहस्थ, काठी धरून, शहराला मुळीच घाई नसल्यासारखे.

मंगलदास बाजारात ती कापडांच्या बोळांतून फिरली. मलमलीचे धुके, खणांची शेते, जरीच्या विजा. तिथे कापड गुंडाळलेले होते, रचलेले होते, झोपलेले होते. बाहेर भुलेश्वरच्या फूलगल्लीत तेच कापड जागे झाले होते. शेवंतीच्या पिवळ्या डोंगरांमधून, झेंडूच्या भगव्या दऱ्यांमधून बायका जात होत्या, येत होत्या. साड्यांचे घोळ उचलत, पदर खोचत, केळीचे खुंट बगलेत मारत. आणि वेणूला एक नवलच दिसू लागले. उभ्या बाईची साडी एक असते आणि चालत्या बाईची दुसरी. कापड तेच, काठ तोच. पण पाऊल पडले की त्यात वारा शिरतो, वारा शिरला की त्यात जीव येतो, आणि साडी म्हणजे मग बाईच्या चालण्याचेच गाणे होऊन जाते.

हे कळले. पण हे हाताला कसे कळावे? बोटे तीच होती, थांबलेल्या देवीची.

दुपार कलली. पाय आता तिचेच दुखू लागले. गिरगावात दोन उंच इमारतींच्या मध्ये अंग चोरून बसलेले एक दगडी देऊळ होते. आतून पेटीचा सूर येत होता. वेणू पायरीवर टेकली.

कीर्तनाचे असेच असते. आपण पायरीवर बसतो ते पाय दुखतात म्हणून, सावली असते म्हणून. आणि झांजेच्या एका ठोक्यात कुणीतरी आपल्याला मनगट धरून आत नेते, आणि मग आपण आपले उरत नाही, त्या सुराचे होतो.

सभामंडप बायकांनी भरला होता. मध्ये एक कीर्तनकारबाई उभ्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, चांगल्या भरलेल्या अंगाच्या. अंबाड्यावर अबोलीची वेणी, अंगावर आमसुली नऊवार, हातात झांजा. पूर्वरंग सरला होता, आख्यान रंगात होते. तळ्यात हत्ती होता, मगरीने त्याचा पाय धरला होता. आप्त गेले, बळ गेले, सोंडेत उरले एक कमळ आणि कंठात उरली एक हाक.

"हाक गेली हो वैकुंठाला!" बाई म्हणाल्या. "आणि देव काय म्हणाला? थांब जरा, मुकुट चढवतो? थांब, शेल्याच्या घड्या नीट करतो?"

"नाही!" बायका म्हणाल्या.

"मोठ्यानं म्हणा, वैकुंठ लांब आहे!"

"नाही!"

"देव उठला आणि धावला! पायात पादुका नाहीत. वाहनाची वाट पाहिली नाही. शेला लक्ष्मीच्या हातात राहिला, राहू दे! देव धावला, धावला, देव धावला!"

आणि बाई धावल्या. त्या एवढ्याशा जागेत, पेटी आणि तबला यांच्यामधल्या चार फरश्यांत, वैकुंठापासून तळ्यापर्यंत धावल्या. पुढे झेपावल्या, मागे वळल्या, गिरकी घेतली. झांजा झणाणल्या, तबला दौडला, टाळ्यांचा पाऊस पडला. आणि ते आमसुली लुगडे त्यांच्याबरोबर धावत होते, वळत होते, गिरकी घेत होते. एक निरी हलली नाही. एक काठ सुटला नाही. पुढे फुलत होते, मागे काष्टा ताठ उभा होता, आणि दोहोंच्या मध्ये ती वृद्ध पावले, मोकळी, मोकळी, मोकळी.

वेणूच्या अंगावर शहारा आला.

मूर्ती उभी असते. देव धावतो.

एवढी वर्षे तिने देवीला नेसवले, आणि नेसवता नेसवता तिचे पायच बांधून ठेवले! कुणाची हाक आली असेल, कुणी तळ्याकाठी अडले असेल, आणि आई माझी निऱ्यांत गुंतून उभीच राहिली असेल. वेणूला हसू आले आणि रडूही आले. दोन्ही एकदमच आली, उन्हात सर यावी तशी.

कीर्तन संपले. आरती झाली. बाई खांबाला टेकून कोमट पाणी पीत होत्या. वेणूने पाय धरले.

"बाई, तुमचं लुगडं..."

"अगं बया! कथा ऐकलीस का काष्टा बघत बसलीस?"

"दोन्ही, बाई."

"खोटं बोलतेस. सगळ्या हत्तीसाठी रडत होत्या. तू माझ्या पायांकडे बघून रडत होतीस. बघत होते मी." त्यांनी पेला खाली ठेवला. "बोल. काय अडलंय?"

वेणूने सगळे सांगितले. रॅम्प म्हणजे काय तेही सांगितले. बाईंनी मान डोलावली. "म्हणजे तिथेही सभा, आणि तिथेही उभं राहून भागत नाही. ये."

देवळामागच्या खोलीत बाईंनी पिशवीतून दुसरे लुगडे काढले आणि वेणूच्याच कमरेला गुंडाळले. वेणू पाय जुळवून, ताठ उभी राहिली.

"अशी उभी राहतेस? मग अशीच राहशील. पाय टाक पुढे. अजून. भिऊ नको, जमीन आहे तिथे." वेणूने पाय टाकला. "हां. आता बघ. जेवढं पाऊल, तेवढं रेशीम आधी मोकळं सोडायचं. मग जे उरेल, त्याचा थाट करायचा. तू आधी सगळ्याचा थाट केलास, पोरी. पावलाला काही ठेवलंच नाहीस."

*

शुक्रवारी गिरणीत कामाची झुंबड होती. वेणूने श्रावस्तीला एका बिडाच्या खांबापाशी नेले. खांब जुना, काळा, कुण्या काळी यंत्रांचे पट्टे वागवलेला.

"आज उभं राहायचं नाही, ताई. चालायचं. मी चालता चालता नेसवणार."

"पाय सापडले म्हणायचे," श्रावस्ती म्हणाली आणि निघाली.

आणि सुरू झाली एक नवलाची प्रदक्षिणा. खांबाभोवती श्रावस्ती चालते आहे, श्रावस्तीभोवती वेणू चालते आहे, आणि दोघींच्या भोवती मोरपंखी रेशीम झऱ्यासारखे सुटते आहे, वळते आहे, धरले जाते आहे. देवळात देव मधे आणि भक्त भोवती. इथे देवी आणि भक्तीण, दोघीही वाटेवर.

मार्थाबाय माप घेता घेता थांबल्या. "लग्न लागतंय का गो तुमचं? सात फेरे झाले की सांगा, अक्षता टाकते."

"आहेर आणा पहिले!" श्रावस्ती चालता चालता ओरडली.

सुखासुखी काही जमले नाही. काष्टा आवळला की पुढचे ओढले जायचे. पुढे सैल सोडले की मागे झोळ यायचा. एकदा तर अर्धे लुगडे खांबालाच नेसवून झाले. "खांबाले बरं दिसते," श्रावस्ती म्हणाली. "त्यालेच पाठवा उद्या." वेणू सोडायची, पुन्हा धरायची. सोडायची, पुन्हा धरायची. जेवढं पाऊल, तेवढं रेशीम. आधी पाऊल. मग थाट.

सांजावता सांजावता तिच्या बोटांना वाट सापडली. पावलाचे रेशीम पावलाला दिले, पाठीचे पाठीला दिले, आणि उरले ते पायांपुढे मांडले. उरले ते थोडे होते. पिसारा लहान झाला. बुधवारच्या त्या राजवैभवापुढे पोरकाच वाटावा इतका लहान.

पण श्रावस्तीने पाऊल टाकले आणि तो उघडला. दुसरे टाकले आणि तो मिटला. पाऊल, आणि उघडला. पाऊल, आणि मिटला. श्वासासारखा.

*

शनिवार. दुपार. मॅडम आल्या, सोबत चष्मा, चिंता आणि घाई. मार्थाबाय मागे उभ्या होत्या. गळ्यातली कात्री आज हातात आली होती. कापड बेतायचे टेबल मोकळे करून ठेवलेले, त्यावर खडू, त्यावर फूटपट्टी. शिवणयंत्राला मोरपंखी दोरा ओवलेला.

श्रावस्ती उभी होती. मॅडमनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"वेणू, निऱ्या कुठे गेल्या? देवळातलं ते वैभव कुठे गेलं? हे अगदीच साधं दिसतंय."

रेशीम जाणार, असे वेणूला वाटले. आत्ता, या क्षणी, या टेबलावर. तरी ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला कीर्तनातून आल्यासारखा वाटला, "उभी आहे म्हणून, मॅडम. चालू द्या तिला."

श्रावस्ती चालली. कपड्यांच्या दांड्यांमधल्या अरुंद वाटेने, इस्त्र्यांच्या वाफेतून, आरशांच्या रांगेपुढून. आरशाआरशांतून एकेक मोर निघाला आणि तिच्याबरोबर चालू लागला. उघडत, मिटत, उघडत, मिटत.

"वळ," मॅडम म्हणाल्या. ती वळली. पाठीवर काष्ट्याचा डाळिंबी काठ, धारेसारखा सरळ.

"खाली बस. ऊठ." ती बसली, उठली.

"तो जिना चढ." गिरणीचा लोखंडी जिना, उभट, गंजका. श्रावस्ती दोन दोन पायऱ्या टाकत चढली आणि वरून वाकून म्हणाली, "अजून कुठी पाठवता? धुराड्यावर?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मागे न बघताच म्हणाल्या, "मार्था, चहा सांग सगळ्यांना."

मार्थाबायनी कात्री मिटली. मिटताना जो आवाज झाला, तो वेणूला मंगलाष्टकांनंतरच्या तुतारीसारखा वाटला.

"साखर जास्त सांगते," मार्थाबाय म्हणाल्या. "आज कापायचं राहिलं, तेवढीच मजुरी."

*

आणि मग तो तिरका प्रहर आला, ज्याच्यासाठी सारे मांडले होते. काचाकाचांतून ऊन उतरले. रॅम्पवर उजेडाचे एकामागून एक पट्टे पडले, सोन्याचा एक, सावलीचा एक. त्यातून शिवलेले सगळे गेले. लाल गेले, पांढरे गेले, निळे गेले. टाळ्या वाजल्या, विरल्या. वाद्ये थांबली.

श्रावस्ती पडद्याशी आली. अनवाणी.

"जाऊ नं?"

"जा," वेणू म्हणाली. तिचे हात जोडले गेले, आणि मग तिने ते मुद्दाम सोडले, आणि श्रावस्तीच्या पाठीवर एक हलकीशी थाप मारली. "धावावंसं वाटलं तर धावसुद्धा."

पडद्याच्या फटीतून वेणू पाहत होती. सोने, सावली. सोने, सावली. त्यातून मोरपंखी जात होते. सोन्यात हिरवे, सावलीत निळे, सोन्यात हिरवे, सावलीत निळे. वाद्य नव्हते. फक्त पावलांचा नाद, आणि रेशमाची कुजबुज. लोक टाळ्या वाजवायचे विसरले होते.

रॅम्प संपला. तिथे थांबायचे, वळायचे आणि परतायचे, असे ठरले होते.

श्रावस्ती थांबली नाही.

समोर, खुर्च्यांच्या पलीकडे, गिरणीचा थोरला दरवाजा वाऱ्यासाठी सताड उघडा होता. दरवाजात आभाळ होते, आभाळाखाली रस्ता होता. ती रॅम्पच्या पायऱ्या उतरली, पाहुण्यांमधून गेली आणि चालतच राहिली.

"अगं, ही कुठे चालली?" मॅडमच्या तोंडून निघाले.

"पाय हायत तिला आता," मार्थाबाय म्हणाल्या. "जाईल जिथं जायचंय तिथं."

वेणू पडदा सारून धावली. रॅम्पवर पाय ठेवायचा नाही हा पडद्यामागच्यांचा नेम. ती त्याच रॅम्पवरून धावली. कमरेला टाचण्यांची उशी, खांद्यावर मोजपट्टी, विस्कटलेली वेणी. लोक वळून बघत होते, हसत होते, उठत होते, आणि तिच्या मागोमाग निघत होते.

बाहेर लालबाग होते. बस होती, टॅक्सी होत्या, मिरच्यांचे ढीग होते, चाळींचे सज्जे माणसांनी लगडले होते. आणि त्या साऱ्याच्या मधून ते मोरपंखी रेशीम जात होते. बसच्या चालकाने चाक धरून ठेवले आणि गाडी थांबवली. वाहतुकीच्या हवालदाराने, का ते त्यालाही कळले नसेल, हात उंच केला. सज्ज्यातून कुणी आजीबाई ओरडल्या, "कोण गं तू? कुणाची?"

"तुमचीच!" श्रावस्ती ओरडली.

धापा टाकत वेणूने तिला गाठले. दोन्ही हात पुढे आलेले. सुटलेला काठ धरायला, निसटलेली निरी खोचायला. हात हवेत थबकले. काही सुटलेच नव्हते. काही निसटलेच नव्हते. रेशीम जिथल्या तिथे होते, आणि कुठच्या कुठे चालले होते.

"चाल नं वं सोबत," श्रावस्ती म्हणाली. "पाय नं, किती मोकळं हाय!"

सूर्य धुराड्यांमागे टेकला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना डाळिंबी उजेड चढला होता, अगदी काठासारखा. आणि मधे तो रस्ता, राखाडी, लांब, सबंध, गर्दीच्या घड्या घालीत, दिव्यांची जर मिरवीत, दूर समुद्राकडे उलगडत गेलेला. त्याच्यावरून दोन बाया चालल्या होत्या. एक अनवाणी, एक गावाकडच्या जुन्या चपला घातलेली. एक रेशमात, एक सुतात. हसत, बोलत, बोलता बोलता पुन्हा हसत.

पाऊल. आणि पाऊल. आणि पाऊल.